नाजूक त्वचा आणि 'ते' खेळणं : खाज नक्की कशाची? (१८+)

निनावी_कोकिळा | मंगळवार, रात्री ११:५२

हा डुआयडी (डुप्लिकेट आयडी) आहे हे आधीच सांगून टाकते. मूळ आयडीने मी इथे पाककृती टाकते आणि उद्या कुणी माझ्या भरल्या वांग्यांखाली येऊन "आता बरं आहे का खाली" विचारलं तर मला तोंड लपवायला जागा नाही उरणार.

वय ३४, पुणे, नवरा बोटीवर, म्हणजे सहा महिने घरात मी आणि मांजर. मागच्या सुट्टीत त्यानेच विषय काढला आणि एक व्हायब्रेटर मागवला. सातशे रुपयांचा, गुलाबी, जेलीसारखा लिबलिबीत, बॉक्स उघडला तर नवीन शॉवर कर्टनचा वास येतो ना तस्सा वास. वापरला आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी बाहेरच्या बाजूला अशी खाज सुटली की ऑफिसात खुर्चीवर बसवेना. फेकला. मग नीट वाचून वगैरे सिलिकॉनचा घेतला, जवळपास चार हजार गेले, आणि परत तेच!! शिवाय आता वापरतानाच आग होते मग दोन दिवसांनी खाज येते आणि बारीक पुरळ.

त्वचा लहानपणापासून नाटकी आहे. खोटे कानातले घातले की कान पिकतात, जीन्सच्या बटणाने बेंबीखाली काळा चट्टा पडलाय, नखाने ओढलं तर हातावर नाव लिहिता येतं. केमिस्टने एक क्रीम दिलं, लावलं की दोन दिवस बरं वाटतं मग पुन्हा. डॉक्टरकडे जायचं तर काय सांगू, कशाने झालं म्हणून? टॉय हा प्रकार माझ्यासाठी नाहीच असं समजून सोडून द्यावं का?

---

खारी_बटर | मंगळवार, रात्री ११:५९

पयला! शॉवर कर्टनच्या उपमेला दंडवत. नाव लिहिता येतं म्हणजे काय पण?

---

सुगरण_नसलेली | बुधवार, रात्री १२:२०

कोकिळे, पहिलं फेकलंस ते उत्तम केलंस. तो वास म्हणजे बहुतेक मऊ केलेलं पीव्हीसी. पीव्हीसी मुळात पाइपासारखं कडक असतं, ते लिबलिबीत करायला त्यात थॅलेट्स घालतात आणि ती काही प्लास्टिकला घट्ट चिकटून बसत नाहीत, हळूहळू बाहेर झिरपत राहतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ साली बाजारातल्या अशा वस्तू तपासल्या होत्या तेव्हा त्यात थॅलेट्स सापडली होती. टीपीई, टीपीआर (रबरासारखी मऊ प्लास्टिकं) लिहिलेलं असेल तर त्यात थॅलेट्स नसूही शकतात पण ते सच्छिद्र असतं, कितीही धुतलं तरी आत ओल राहते, जुन्या लाकडी पोळपाटासारखं. सिलिकॉन, काच (बोरोसिलिकेट), स्टील आणि कडक एबीएस प्लास्टिक हे चार सच्छिद्र नाहीत. तुझ्यासारख्या त्वचेला या चौघांपलीकडे बघूच नको.

आता चार हजारवाल्याबद्दल. "मेडिकल ग्रेड" हे शब्द कुणीही छापू शकतं हां. आपल्याकडे या वस्तूंना सक्तीचं मानक नाहीये. २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं पण ते पाळायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. चांगल्या सिलिकॉनला वास नसतो, हाताला तेलकट लागत नाही, आणि काचेसारखं आरपार दिसणारं आणि वर मऊ असं काही असेल तर बहुतेकदा ते सिलिकॉन नसतं. यूट्यूबवर लायटरने जाळून बघा सांगतात, ते कृपया नको, घरात धूर करून कळणार काहीच नाही.

पण तुझं वाचून मला वाटतंय की दुसरं टॉय निर्दोष आहे. त्याच्यासोबत काय काय वापरतेस ते लिही की. ल्युब (वंगण) कोणतं, धुतेस कशाने, चादरीला साबण कोणता, सगळं.

---

सत्यवचनी_९९ | बुधवार, सकाळी ७:१०

काय हे. सकाळी सकाळी हे वाचायचं? नवरा घरी नसताना अध्यात्माकडे वळावं असं आमच्या पिढीत होतं.

---

आजीबाईचा_बटवा | बुधवार, सकाळी ७:३२

सत्यवचनी, शीर्षकात १८+ लिहिलंय, तुम्ही उघडून शेवटपर्यंत वाचलंत. असो. आमच्या पिढीतही सगळं होतं, फक्त धागे नव्हते.

---

संपादक_मंडळ | बुधवार, सकाळी ८:०५

विषय सोडून लिहिलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. खरेदीच्या लिंका टाकू नयेत.

---

निनावी_कोकिळा | बुधवार, दुपारी १:४०

आजी, पाया पडते :)

सुगरण, यादी देते. ल्युब : पहिल्यापासून एकच, ते "वॉर्मिंग"वालं, स्ट्रॉबेरी. धुणं : टॉय आधी वाइप्सने पुसते मग अँटीसेप्टिक लिक्विडच्या पाण्यात बुडवून ठेवते दहा मिनिटं. स्वतःला पण आधी आणि नंतर त्याच वाइप्सने पुसते, इंटिमेट वाइप्स म्हणून मिळतात ना, आणि अंघोळीला इंटिमेट वॉश. म्हणजे स्वच्छतेत मी काही कमी ठेवलेलं नाहीये.

---

फुटकळ_वैद्य | बुधवार, रात्री ९:१५

शेवटच्या वाक्यातच गोम आहे.

मी त्वचारोगाचं काम करतो म्हणून जरा लांब लिहितो. न बघता निदान होत नाही, पण वेळ काय सांगते ते बघू. त्रास वापरल्यावर किती वेळाने सुरू होतो आणि किती वेळ टिकतो, हे दोन प्रश्न आम्ही सगळ्यात आधी विचारतो.

काही मिनिटांत लाल गांध उठली आणि तासाभरात नाव पुसल्यासारखी गेली, तर ते पित्त उठणं. कोकिळाताई हातावर नाव लिहितात (खारी_बटर यांनी विचारलं होतं) त्याला डर्मोग्राफिझम म्हणतात, त्वचेला ओरखडा किंवा दाब सोसत नाही. अशांना जोराचं व्हायब्रेशन थेट अंगावर घेतलं तरी गांधी येऊ शकतात. मधे मऊ सुती कापड ठेवणं, कमी स्पीड, थोडा वेळ, एवढ्याने बरंच भागतं.

लावता लावताच आग होते तेव्हा पदार्थ झोंबतोय, ती ॲलर्जी नसतेच बऱ्याचदा, कुणालाही झोंबेल. वॉर्मिंग ल्युबमध्ये मिरचीतला घटक, मेंथॉल, दालचिनीचा अर्क असलं काही असतं. तुम्ही मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लावला तर डोळ्याची ॲलर्जी म्हणत नाही ना.

आणि खाज दोन दिवसांनी येते, पुरळ येतं, आठवडाभर रेंगाळतं ती खरी संपर्काची ॲलर्जी. ही उशिरा येते म्हणून लोक चुकीच्या वस्तूला पकडतात. तुमच्याकडे आग आणि खाज दोन्ही आहे म्हणजे बहुधा दोन वेगळे गुन्हेगार आहेत. माझा संशय वाइप्सवर आहे. ओल्या वाइप्स बुरशी न येता महिनोन् महिने टिकाव्यात म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, पाकिटामागे "मेथिलआयसोथायाझोलिनोन" असं लांबलचक नाव आहे का बघा. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या डॉक्टरांच्या सोसायटीने २०१३ साली त्याला वर्षाचा ॲलर्जन म्हणून निवडलं होतं, म्हणजे पुरस्कारच म्हणा.

अँटीसेप्टिक लिक्विडही बंद. सिलिकॉनवर त्याचा अंश राहतो आणि पुढच्या वेळी तो तुम्हालाच लागतो. आणि ते केमिस्टचं क्रीम, त्याच्यावर बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं तीन-चार औषधांचं मिश्रण आहे का? जांघेतला नायटा या मिश्रणांनी दबून मग पसरतो हे आम्ही रोज बघतो. आधी थांबवा. एक विचारतो, बोटांना काही होतं का?

---

निनावी_कोकिळा | बुधवार, रात्री ९:५०

डॉक्टर तुम्ही भविष्य पण बघता का??? उजव्या हाताची बोटं टोकाला फुटतात हिवाळाउन्हाळा, मी भांड्याच्या साबणाला शिव्या देत होते. आणि भाचा आला की त्याला पुसायला बेबी वाइप्स पण मीच वापरते. पाकीट बघितलं. आहे तो लांबलचक शब्द. क्रीममध्ये चार औषधं आहेत, त्यात क्लोबेटासोल, म्हणजे तुम्ही म्हणता ते स्टिरॉइड.

---

जर्मनीतली_जाई | गुरुवार, पहाटे २:३०

त्या लांबलचक शब्दावर युरोपात २०१७ पासून बंदी आहे, म्हणजे अंगावर लावून न धुता ठेवायच्या वस्तूंमध्ये, वाइप्स त्यातच आल्या. शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंत अगदी थोडं चालतं. मला इथे येऊन पाच वर्षं झाली तरी सवय झाली नाही की डीएम म्हणजे आपलं साबण-टूथपेस्टचं दुकान, त्यात डायपरच्या पुढच्या रॅकवर व्हायब्रेटर ठेवलेले असतात आणि आज्या शांतपणे चष्मा वर करून मागचं लेबल वाचतात. आपल्याकडे लेबलच नसतं ना, काळ्या पिशवीत येतं सगळं.

---

काळा_कोट | गुरुवार, सकाळी १०:४५

काळ्या पिशवीचं कारण कायदा. सेक्स टॉय असा शब्द कायद्यात कुठेच नाही, अश्लील वस्तू विकण्यावरचं कलम आहे, आधी भादंवि २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. म्हणून सगळे "मसाजर" लिहून विकतात. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरचं प्रकरण आलं होतं, उद्या कुणी ते दुसऱ्याच कामाला वापरेल या कल्पनेवर माल अडवता येत नाही असा त्याचा सूर होता, कस्टम्स हरलं. कळंगुटला २०२१ मध्ये राजरोस दुकान उघडलं होतं तेही थोड्याच दिवसांत बंद पडलं. तर आडून विकलेल्या वस्तूवर घटक कोण छापणार आणि तक्रार तरी कोण करणार.

---

खारी_बटर | गुरुवार, सकाळी ११:२०

मस्करी बाजूला, मला लहानपणापासून इसब आहे आणि बाप्यांचे पण प्रॉब्लेम असतात हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ते स्लीव्ह प्रकारातलं (पुरुषांनी आत घालून वापरायचं) सगळं मऊ टीपीई असतं, सिलिकॉनचं त्यात फार कमी मिळतं. एकदा धुऊन ओलं तसंच डब्यात ठेवलं, पावसाळा, डोंबिवली, आठ दिवसांनी आत काळे ठिपके. नंतर माझ्या जांघेत जे झालं ते नायटा की इसब हे ठरवायलाच दोन डॉक्टर लागले. आता उलटं करून पंख्याखाली पूर्ण सुकवतो, सहाआठ महिन्यांनी फेकतो, आणि वर कंडोम घालतो. लॅटेक्सने पण खाज यायची तर पॉलिआयसोप्रीनचे मिळतात ऑनलाइन, ते चालले. आणि लिंगावर चढवायची रिंग वापरणाऱ्यांनो, अर्ध्या तासाच्या आत काढा रे, बधिर झाली की लगेच.

---

मुळशीची_मैना | गुरुवार, दुपारी ३:१५

एवढं सगळं कशाला, शुद्ध खोबरेल तेल. आपल्या आज्यांपासून चालत आलंय. +१ कोण कोण?

---

सुगरण_नसलेली | गुरुवार, दुपारी ४:००

मैने, अर्धा +१. सिलिकॉनच्या टॉयला खोबरेल चालतं, बऱ्याच जणींना सोसतंही. पण लॅटेक्स कंडोमसोबत अजिबात नाही, तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं, मग खाजेपेक्षा मोठा धागा काढावा लागेल :D

उलट, सिलिकॉनचं ल्युब सिलिकॉनच्या टॉयला लावायचं नाही शक्यतो, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. लावायचंच असेल तर बुडाशी थेंबभर लावून दिवसभर बघा. काच-स्टीलला काहीही चालतं. आणि नाजूक त्वचेला पाण्याचं ल्युब असं सरसकट सांगतात, पण मला सगळ्यात जास्त त्रास एका पाण्याच्या ल्युबनेच झाला होता, त्यात ग्लिसरीन खच्चून होतं.

---

फुटकळ_वैद्य | गुरुवार, रात्री १०:०५

सुगरण यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. विरघळलेले पदार्थ जास्त असलेलं ल्युब आतल्या नाजूक अस्तराचं तेच करतं. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, तेवढ्यापुरतं ओलं वाटतं आणि नंतर जास्त कोरडं, चुरचुरतं. ल्युबमध्ये विरघळलेलं किती आहे त्या मापाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये ३८० च्या खाली असलेलं उत्तम आणि १२०० च्या वर नकोच असं सांगितलं होतं. आपलं शरीर साधारण २९० ला असतं. योनीमार्गासाठी पीएच ४.५ च्या आसपास हवा. आंघोळीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९-१० असतो, म्हणून आत साबण नको, वॉश नको, काही नको, आतला भाग स्वतःला स्वतः स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधं कोमट पाणी.

मोटार नसलेलं सिलिकॉन, स्टील किंवा काच असेल तर धुऊन पाचेक मिनिटं पाण्यात उकळा (काच पाण्यासोबतच तापवा आणि पाण्यातच गार होऊ द्या, चरा दिसला तर वापर बंद). मोटार असलेलं, बिनवासाचा सौम्य साबण आणि भरपूर पाणी. झालं. दहा मिनिटं बुडवून ठेवायला ते लोणचं नाही.

पाठच्या मार्गासाठी वापरणाऱ्यांनी बुडाशी रुंद असलेलंच घ्यावं, नाहीतर आत जातं आणि मग कॅज्युअल्टीत सर्जनला सांगावं लागतं. तिथे वापरलेलं तसंच, न धुता, योनीमार्गात वापरू नये.

---

आजीबाईचा_बटवा | शुक्रवार, सकाळी ६:५०

वय ५७, पाळी जाऊन सात वर्षं. मला वाटत होतं की माझी त्वचा "नाजूक झाली". ह्यांच्याबरोबर दुखायचं म्हणून मी बारकं काचेचं मागवलं, मुलीने मागवून दिलं खरं तर, काय बोलावं आजकालच्या मुलींना, आणि तेसुद्धा टोचायचं. ल्युब तीन बदलली. शेवटी गायनॅककडे गेले तर म्हणाली इस्ट्रोजेन कमी झाल्याने अस्तर पातळ झालंय, आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. महिना-दीड महिन्यात फरक. माझ्या मैत्रिणीला रात्री रात्री खाज यायची, पांढरे चट्टे, कातडी सिगरेटच्या कागदासारखी, ती वर्षभर बुरशीच्या गोळ्या खात होती आणि निघालं लायकेन स्क्लेरोसस. तिला मात्र डॉक्टरनेच कडक स्टिरॉइड मलम दिलं आणि त्याचीच गरज होती. म्हणजे मलम वाईट नसतं, केमिस्टने अंदाजाने दिलेलं वाईट.

---

जर्मनीतली_जाई | शनिवार, पहाटे ३:१५

आजी तुम्ही माझ्या सासूबाई असत्या तर.

काहीही न लावता, साधं बोट किंवा टॅम्पॉनसुद्धा लावलं की दारापाशीच आग होते असं कुणाला असेल तर ती त्वचेची ॲलर्जी नसू शकते, नसांचं किंवा स्नायू आवळण्याचं असतं. मला व्हजायनिस्मस होता. त्याला पेल्व्हिक फ्लोअरवाली (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी) फिजिओथेरपिस्ट लागते, पुण्या-मुंबईतही आहेत आता. मी दोन वर्षं "अजून मऊ टॉय" शोधत बसले.

---

निनावी_कोकिळा | रविवार, दुपारी १२:३०

वाइप्स, वॉश, ल्युब, क्रीम सगळं बंद केलंय. क्रीम बंद केल्यावर चार दिवस बेकार गेले, आग आग. आता बसवतंय. टॉय परत कधी सुरू करू? आणि हातावर लावून बघायचं म्हणतात ते कसं, एकदा लावायचं का हेअर डायसारखं?

---

फुटकळ_वैद्य | रविवार, रात्री ८:४०

त्वचा पूर्ण शांत झाल्यावर अजून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग नवीन ल्युब कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदाच लावून काही कळत नाही कारण ॲलर्जी उशिरा येते. हातावर चाललं म्हणजे खाली चालेलच अशी खात्री नाही, पण हातावर चाललं नाही तर प्रश्नच मिटला. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी धुतलेलं टॉय काही न लावता, फक्त बाहेरून, पाच मिनिटं. तीन दिवस थांबा. मग ल्युब. नवीन टॉय आणि नवीन ल्युब एकत्र सुरू केलंत तर पुन्हा इथेच येऊन बसाल.

शक्य असेल तर पॅच टेस्ट करून घ्या, पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, दोन दिवस अंघोळ पाठ वाचवून, मग ४८ तासांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. आणि डॉक्टरला "व्हायब्रेटर" म्हणा सरळ. आम्ही याहून बरंच काही ऐकलेलं असतं.

---

निनावी_कोकिळा | (दीड महिन्याने) शनिवार, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. टेस्ट केली. डॉक्टर मॅडमना शब्द सांगताना मी भिंतीवरच्या गणपतीकडे बघत होते, त्यांनी मान वरसुद्धा केली नाही, "ल्युब कोणतं" एवढंच. निकाल : निकेल, आणि तो वाइप्सवाला. निकेलचं कानातल्यांमुळे माहीतच होतं. पण माझ्या चार हजारवाल्याच्या मुठीवर चकचकीत चंदेरी पट्टी आहे, वर मुलामा आणि आत काय कोण जाणे. मॅडमनी निकेल तपासायचं द्रावण सांगितलं, डायमेथिलग्लायऑक्झाइम, कापसावर घेऊन घासायचं, गुलाबी झालं की निकेल. ऑनलाइन मिळालं. पट्टीवर घासलं, किंचित गुलाबी. जीन्सच्या बटणावर घासलं तर गुलाबजाम झाला.

म्हणजे सिलिकॉन निर्दोष होतं, तुम्ही म्हणाला होतात. पट्टीचा भाग अंगाला लागत नाही, तरी सुती रुमाल गुंडाळते मुठीला. ग्लिसरीन नसलेलं साधं ल्युब, हातावर सात दिवस, मग क्रमाने. तीन वेळा झालं. काही नाही. बोटंसुद्धा बरी झालीत! उरलेल्या वाइप्सने हातमोजे घालून पंख्याची पाती पुसली, चकाचक निघाली.

गुलाबी जेलीवालं तेव्हा पेपरात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकलं होतं, बॅटरी न काढता, आणि तीन दिवस कचऱ्याच्या ताईंच्या नजरेला नजर दिली नाही. हे असलं खरं ई-कचऱ्यात टाकायचं असतं म्हणे.

---

आजीबाईचा_बटवा | शनिवार, रात्री १०:२५

छान झालं गं. आता मूळ आयडीने वांग्यांचा मसाला नीट सांग, त्यात तीळ किती ते लिहिलंच नाहीस.

---

निनावी_कोकिळा | शनिवार, रात्री १०:२६

आजी!!!!

---

दबक्या_पावलांनी | रविवार, पहाटे १:४०

पहिल्यांदाच लिहितेय. माझं सिलिकॉनचंच आहे, एकदम चांगलं, वर्षभर काही झालं नाही. आता महिन्याभरात एका बाजूने चिकट झालंय, बोटाचे ठसे उमटतात. ल्युब पाण्याचंच आहे. वापरू की नको?

---

सुगरण_नसलेली | रविवार, सकाळी ९:१५

ठेवतेस कशात आणि कशाबरोबर?

---

दबक्या_पावलांनी | रविवार, सकाळी ९:३०

सॅटिनच्या पिशवीत. सोबत एक जुनं आहे मऊवालं, आरपार दिसतं ते. दोन्ही एकाच पिशवीत.

---

सुगरण_नसलेली | रविवार, सकाळी ९:३२

तेच. जुन्याला मऊ करायला घातलेलं तेल झिरपून नव्याला लागलंय, चिकटलेल्या जागी आता धुऊन काही होणार नाही. दोन्ही वापरू नको, आणि पुढचं घेशील तेव्हा त्याला स्वतंत्र सुती पिशवी शिव.